मशीन तापतंय? आधी विचारा, कधी तापतंय

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढणारी बोट, वर ओढलेला असतो किंवा खाडीत बांधून ठेवलेला असतो. ऑगस्ट लागला की मिरकरवाडा, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरात जा, एक तक्रार हमखास ऐकू येते: मशीनच्या पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढतोय. दोन महिने गप्प बसलेलं मशीन, म्हणजे बोटीचं इंजिन, पहिल्यांदा जोर धरतं आणि तापतं. मग सुटे भाग बदलायला सुरुवात होते. आधी थर्मोस्टॅट, मग बेल्ट, मग कूलंट, मग पंप. यातला एखादा भाग खरोखर गेलेला असतोही. पण तो सापडेपर्यंत खर्च तिप्पट झालेला असतो आणि हंगामाचे पहिले दिवस धक्क्यावरच निघून जातात.

पान्हा हातात घेण्याआधी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, एक प्रश्न विचारावा: मशीन नेमकं कधी तापलं? सुरू केल्यावर पाच मिनिटांत? धक्क्याला उभं असताना? वेग वाढवल्यावर? की जाळं ओढताना तासाभराने? याचं नीट उत्तर मिळालं तर निम्मं निदान तिथेच होतं. ते कसं, हे कळायला पाणी मशीनमधून कसं फिरतं ते आधी पाहू.

पाण्याचे दोन फेरे

डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच पंखा, म्हणजे बोट ढकलणारा प्रोपेलर, फिरवण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता धुराबरोबर जाते. उरलेली मशीनच्या लोखंडात साठत राहते आणि ती सतत बाहेर काढावी लागते. नाही काढली तर हेड (सिलिंडरांवर बसणारं जड झाकण) वाकतं, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतात. ट्रकमध्ये हे काम रेडिएटर आणि वारा मिळून करतात. बोटीच्या पोटात वारा नाही, पण बाहेर अख्खा समुद्र आहे.

तरी समुद्राचं पाणी थेट मशीनच्या पोटात फिरवणं चांगलं नाही. खारं पाणी लोखंड खातं, आणि साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यातले क्षार सुटून आतल्या भिंतींवर थर धरतात. म्हणून आजच्या बहुतेक मशीनमध्ये पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात.

आतला फेरा गोड्या पाण्याचा. कूलंट मिसळलेलं हे पाणी बेल्टवर चालणारा पंप मशीनमध्ये फिरवतो. वाटेत थर्मोस्टॅट असतो. मशीन थंड असेपर्यंत तो बंद राहतो आणि तापमान बहुधा ७० ते ८० अंशांच्या दरम्यान पोहोचलं की उघडून पाणी हीट एक्स्चेंजरकडे सोडतो.

बाहेरचा फेरा खाऱ्या पाण्याचा. तळाशी भोक आणि त्यावर जाळी, आत सी-कॉक म्हणजे बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग रबरी पात्यांच्या इम्पेलरचा पंप, मग ऑइल कूलर, मग हीट एक्स्चेंजर आणि शेवटी बाहेर. एक्स्चेंजरमध्ये बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून खारं पाणी जातं, बाहेरून कूलंट. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. काही बोटींत हे खारं पाणी धुराच्या पाइपात सोडतात आणि धूर-पाणी एकत्र मागून पडतं. धुराडं कोरडं ठेवून केबिनवर नेलं असेल तर पाणी बाजूच्या पाइपातून वेगळं पडतं. तुमच्या बोटीत पाणी नेमकं कुठून पडतं हे प्रत्येक खलाशाला माहीत असलंच पाहिजे. मशीन सुरू झालं की पहिली नजर तिथे.

(काही बोटींत खाऱ्या पाण्याचा पंपच नसतो. कूलंटच बोटीच्या तळाबाहेर बसवलेल्या पाइपांतून फिरवून आणतात. त्यांचा विषय पुढे थोडक्यात येईल.)

किती पाणी लागतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो, म्हणून एक साधं गणित. १०० हॉर्सपॉवरचं मशीन पूर्ण जोरात असताना पाण्यावाटे साधारण ६० किलोवॉट उष्णता बाहेर काढायची आहे असं धरू. खारं पाणी आत येताना आणि बाहेर पडताना १२ अंशांचा फरक ठेवायचा असेल तर मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी लागतं. म्हणजे १५ लिटरची बादली १२ सेकंदांत भरायला हवी. आता कचऱ्यामुळे पाणी निम्म्यावर आलं तर तेवढीच उष्णता नेण्यासाठी ते २४ अंशांनी तापेल. जानेवारीत समुद्राचं पाणी २५ अंशांच्या आसपास असताना हे खपून जातं. मे महिन्यात तेच पाणी ३०च्या घरात असतं, आणि थंडीत कधी न तापलेलं मशीन अचानक तापायला लागतं. दोष मे महिन्यात आलेला नसतो. तो आधीपासून होता, मे महिन्यात दिसला इतकंच.

समुद्रात असताना तापलं तर

काटा चढला की आधी पाणी पडतंय का ते बघायचं. पडत असेल तर मशीन एकदम बंद करू नका. वेग कमी करा, गिअर न्यूट्रलला आणा आणि काही मिनिटं हळू चालू द्या. पाणी फिरत राहिलं की साठलेली उष्णता निघते आणि काटा बहुधा उतरतो. हळू करूनही काटा चढतच राहिला, कूलंटचा पाइप फुटला किंवा बेल्ट तुटला, तर मात्र बंद.

पाणी पडतच नसेल, तर ताबडतोब बंद. ज्या बोटींत धूर-पाणी एकत्र जातं तिथे धुराचा रबरी पाइप फक्त त्या पाण्यामुळे वाचलेला असतो. पाणी थांबलं की तो जळायला लागतो, आणि मशीन रूममध्ये आग व धूर ही तापलेल्या हेडपेक्षा कितीतरी मोठी आपत्ती आहे. मशीन बंद केल्यावर काटा थोडा आणखी वर जातो, कारण लोखंडातली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते. त्याने घाबरू नका. वारा किंवा प्रवाह खडकाकडे नेत असेल तर आधी नांगर टाका, मशीनचं नंतर.

कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी लोक भाजतात. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो: अर्धा बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १०० ऐवजी १११ अंशांच्या सुमारास उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. झाकणावर हात टेकवता येईपर्यंत थांबा, मग जाड फडकं टाकून हळूहळू सोडा. आणि तापलेल्या मशीनमध्ये समुद्राचं गार पाणी ओतू नका. लोखंडाला तडा जातो.

स्वतःच्याने होत नसेल तर वेळ न दवडता बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर कळवा. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. मदत मागायला अंधार पडायची वाट पाहू नये.

कधी तापतं त्यावरून

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत, फारसा जोर न देता तापत असेल तर पाणी जवळपास येतच नाही असं समजा. सी-कॉक उघडायचा राहिला असेल (दोन महिन्यांनी बोट उतरवल्यावर हे घडतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही), इम्पेलरची पाती तुटली असतील किंवा तळाच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली असेल. मुंबईच्या धक्क्यांवर आणि खाड्यांमध्ये पिशवीची शक्यता सगळ्यांत जास्त. तिचं लक्षणही वेगळं असतं: मशीन चालू असताना ओढीमुळे ती घट्ट चिकटते आणि बंद केल्यावर सुटून जाते. त्यामुळे मशीन पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक, थोड्या वेळाने पुन्हा तेच. जेलीफिश गाळणीत अडकल्यावरही पाणी असंच अचानक थांबतं, फक्त ते आपोआप सुटत नाही.

हळू चालवताना ठीक, पण वेग वाढवला की काटा चढतो, ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. इथे पाणी येतंय, पण गरजेपेक्षा कमी. किंवा पाणी पुरेसं आहे पण उष्णता त्यात उतरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करणं हेच खरं काम आहे आणि त्यासाठी काहीही उघडावं लागत नाही. लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक आता फार महाग राहिलेली नाही. प्रत्येक बोटीवर ती असावी असं माझं ठाम मत आहे. मशीन तापलेलं असताना खारं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरतं तिथला पाइप आणि बाहेर पडतं तिथला पाइप, दोन्हींवर ती धरा. फक्त चकचकीत धातूवर धरू नका, आकडा चुकतो. रबरावर, रंगावर किंवा काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

बाहेर पडणारं पाणी कढत आणि थोडं असेल, तर दोष पाणी पुरवणाऱ्या बाजूला आहे. बाहेर पडणारं पाणी भरपूर पण जेमतेम कोमट असेल आणि मशीन मात्र तापलेलं असेल, तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही: नळ्यांवर थर आहे, कूलंट कमी आहे, ते फिरत नाही किंवा थर्मोस्टॅट उघडत नाही. या एका मोजणीने अर्धी यादी बाद होते.

जाळं ओढतानाच तापत असेल तर मशीनवरच्या भाराकडे बघा. ट्रॉलर जाळं ओढतो तेव्हा बोटीचा वेग दोन-तीन नॉट आणि मशीनचा जोर मात्र जवळपास पूर्ण. तळाला शेवाळ आणि शिंपले धरलेले असले, पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळला असला, किंवा मशीनच्या ताकदीपेक्षा मोठा पंखा बसवला असला, तर मशीन सतत ओझ्याखाली राहतं. खूण अशी: काळा धूर निघतो आणि मशीन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) चढतच नाही. अशा वेळी एक्स्चेंजर कितीही धुवा, उपयोग नाही. तळाबाहेरच्या पाइपांनी थंड होणाऱ्या बोटींना तर जाळं ओढताना दुहेरी फटका बसतो: बोट हळू चालते म्हणून पाइपांवरून पाणी कमी वाहतं, आणि उष्णता मात्र सगळ्यांत जास्त तयार होते. त्या पाइपांवर शिंपले बसले किंवा कुणी तळाबरोबर त्यांनाही जाड रंग फासला, की हंगाम संपेपर्यंत डोकेदुखी.

खाऱ्या पाण्याची बाजू

तापण्याची कारणं शोधताना मी नेहमी समुद्राकडून आत यायचं असं सांगतो. आधी गाळणी. मग सी-कॉक बंद करून गाळणीकडचा पाइप काढायचा आणि पाइपाचं तोंड खाली धरून सी-कॉक क्षणभर उघडायचा. पाणी जोरात उसळून आत आलं पाहिजे. नुसतं झिरपत असेल तर भोकात शिंपले किंवा चिखल आहे. खाडीत दोन महिने उभ्या बोटीला हे होणारच. हे करताना बंद करायला माणूस सी-कॉकजवळच बसलेला असावा, आणि व्हॉल्व्ह गंजलेला दिसत असेल तर पाण्यात असताना त्याला हातच लावू नये.

पाणी नीट उसळलं आणि तरी पंपाला पोहोचत नसेल तर मधल्या पाइपावर संशय घ्या. ही बाजू ओढीची आहे, दाबाची नाही. त्यामुळे क्लिप ढिली असली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. गाळणीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तरी तेच. झाकण पारदर्शक असेल तर मशीन चालू असताना आत बुडबुडे पळताना दिसतात. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण ओढ वाढली की चेपतो किंवा त्याचा आतला थर सुटून वाट बंद करतो. म्हणून हळू चालताना सगळं ठीक आणि जोर दिला की पाणी गायब.

मग इम्पेलर. या रबरी चकतीला पाणी हेच वंगण. कोरडी फिरली तर मिनिटाभरातही ती जळू शकते. दोन महिने पंपात एकाच जागी दबून बसलेली पाती वाकलेलीच राहतात, सरळ होत नाहीत. म्हणून मशीन बंद ठेवताना इम्पेलर काढून ठेवावा आणि सुरू करण्याआधी नवा किंवा तपासलेला बसवावा, साबणाच्या पाण्याने ओला करून. पात्यांच्या मुळाशी चीर दिसली तर तो गेला असं समजा, अजून चालतोय यावर जाऊ नका.

आणि एक पातं कमी दिसलं तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेलं पातं कुठे गेलं ते शोधलंच पाहिजे. ते पाण्याबरोबर पुढे जातं आणि ऑइल कूलरच्या किंवा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतं. नवा इम्पेलर बसवून आठवड्याने पुन्हा मशीन तापतं, आणि दोष नव्या इम्पेलरला दिला जातो. सगळे तुकडे टेबलावर मांडून पातं पूर्ण जुळेपर्यंत शोधा. पंपाच्या आतल्या झाकणावर खोल चऱ्या पडल्या असतील तर तेही बदला, कारण इम्पेलर नवा असला तरी पाणी त्या फटीतून मागे फिरतं. बऱ्याच पंपांचं झाकण उलटं फिरवून दुसरी, गुळगुळीत बाजू आत घेता येते.

एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढल्या की नळ्या आरपार दिसल्या पाहिजेत. तिथे मिळणाऱ्या वस्तू: पात्यांचे तुकडे, शिंपले, वाळू, आणि जस्ताच्या कांडीचे अवशेष. ही कांडी मुद्दाम गंजण्यासाठीच बसवलेली असते. ती स्वतः झिजते आणि एक्स्चेंजर वाचवते. अर्धी झाली की बदलायची, नाहीतर तुटून तीच वाट अडवते. क्षारांचा थर काढायला काही जण सरळ तीव्र ॲसिड ओततात. तसं करू नका. ॲल्युमिनियमचे भाग आणि नळ्यांचे सांधे त्यात खलास होतात. सायट्रिक ॲसिडसारखं सौम्य द्रावण, थोडा जास्त वेळ आणि शेवटी भरपूर गोडं पाणी, एवढं पुरतं.

धूर-पाणी एकत्र जाणाऱ्या बोटींत आणखी एक जागा लक्षात घ्या: पाणी धुरात मिसळतं तो कोपरा. तिथे मीठ, काजळी आणि गंज यांचं मिश्रण साचत जातं आणि वाट अरुंद होते. बाकी सगळं तपासून झालं आणि दोष सापडत नसेल तर तो कोपरा काढून आत बघा.

थर्मोस्टॅटवरचा राग

आतल्या फेऱ्यात आधी सगळ्यांत साध्या गोष्टी बघायच्या: कूलंट पुरेसं आहे का, बेल्ट ताठ आहे का, टाकीच्या झाकणाचं रबर धड आहे का. कूलंट कमी असेल तर ते गेलं कुठे हे शोधायचं, नुसतं भरून पुढे जायचं नाही. कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा राहतो आणि काटा चक्क खाली येतो. मशीनला तापल्याचा वास येतोय आणि काटा थंड दाखवतोय, ही सगळ्यांत धोक्याची वेळ. उलट, सेन्सर किंवा वायर खराब झाल्यामुळे थंड मशीनही गरम दिसू शकतं. इन्फ्रारेड बंदुकीने थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान घेतलं की काटा खरं बोलतोय का ते कळतं.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह तापवा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला आणि आणखी तापल्यावर पूर्ण उघडला तर तो निर्दोष आहे. पण बंदरांत सर्रास दिसणारा उपाय वेगळाच असतो: थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. यावर मला कळकळीने सांगायचं आहे की हा उपाय नाही. थर्मोस्टॅटशिवाय मशीन कायम थंड चालतं. डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते, ऑइल खराब होतं, सिलिंडर झिजतात. शिवाय काही मशीनमध्ये थर्मोस्टॅट उघडताना मशीनमध्येच परत फिरणारी आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, गरम पाणी एक्स्चेंजरकडे न जाता तिथूनच परत मशीनमध्ये येतं, आणि मशीन आणखी तापतं. काटा उतरला तरी मूळ दोष जागच्या जागी असतो आणि तो पुढच्या मे महिन्यात वर येतो. कूलंट संपलं म्हणून समुद्राचं पाणी भरणं आणि आवाजाचा त्रास नको म्हणून मशीन तापल्यावर वाजणाऱ्या बझरची वायर काढणं हेही त्याच जातीतलं. बझर हा मशीन रूममधला एकमेव खलाशी आहे जो झोपत नाही.

हेडपर्यंत पोहोचल्यावर

वरचं सगळं तपासून झालं आणि मशीन तरी तापतंय, तर हेड गॅसकेटकडे, म्हणजे हेडखालच्या पातळ पट्टीकडे, बघायचं. मशीन पूर्ण थंड असताना टाकीचं झाकण उघडा आणि थंड मशीनच सुरू करा. कूलंटमध्ये सतत बुडबुडे येत राहिले आणि ते काही मिनिटांनीही थांबले नाहीत, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. कूलंट नुकतंच भरलं असेल तर अडकलेली हवाही सुरुवातीला बुडबुड्यांनी निघते. ती निघून गेली की थांबते, वायू थांबत नाही. जोर दिल्यावर टाकीतून कूलंट बाहेर फेकलं जाणं, वारंवार कूलंट कमी होणं पण गळती कुठेच न दिसणं, धुरातून गोडसर वास येणं, याही त्याच खुणा. ऑइल मोजायची कांडी दुधाळ, कॉफीच्या रंगाची दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. ते हेडमधून आलं असेल किंवा ऑइल कूलर फुटून. चव घेऊन खारं की गोडं ठरवायचा मोह होतो, पण कूलंट विषारी असतं. असं ऑइल दिसल्यावर मशीन एक फेराही फिरवू नका. बेअरिंग त्या पाण्यावर टिकत नाहीत.

बुडबुडे थांबलेच नाहीत म्हणजे हेड उतरवावंच लागतं, आणि ते काम मिस्त्रीचं. त्याला बोलावताना पाणी किती पडत होतं, एक्स्चेंजरच्या दोन्ही टोकांचे आकडे काय होते आणि मशीन नेमकं कधी तापलं, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. हेड उतरवल्यावर ते सपाट आहे का हे पट्टी लावून तुमच्यासमोर तपासून घ्या. वाकलेल्या हेडवर नवी गॅसकेट बसवली तर ती फार काळ टिकत नाही.